तांदळातलं नाव

आप्तनोंद, नमुना ७
रद्द झालेली नोंद पुन्हा सुरू करण्यासाठी अर्ज
(थोडक्यात लिहावे. जागा अपुरी पडल्यास रकाना आपोआप वाढेल.)

१. अर्जदाराचे नाव, वय, व्यवसाय, गाव:
निरंजन गजानन खटावकर. त्रेपन्न. शिवणकाम, शाळांचे गणवेश. फलटण.

२. ज्या व्यक्तीची नोंद सुरू करायची तिचे नाव:
वृषाली गजानन खटावकर.

३. अर्जदाराचे त्या व्यक्तीशी नाते:
धाकटा भाऊ. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणायचो. जन्मात कधी नावाने हाक मारली नाही, त्यामुळे तिचं नाव काय आहे हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

४. ती व्यक्ती हयात आहे का:
नाही. आज सोळावा दिवस.

५. नोंद कोणी रद्द केली:
मी.

६. कधी आणि कोणत्या कारणाने:
दीड वर्षापूर्वी माझ्या मुलीला मुलगा झाला. हल्ली सगळ्याच बाळांच्या टाचेतून घेतात तसा त्याच्याही टाचेतून रक्ताचा थेंब घेतला. आठवड्याने जावयाच्या फोनवर पिवळी खूण आली. मग मुलीचं रक्त तपासलं, मग माझं. माझ्यापाशी येऊन तपासणी थांबली, कारण माझे आईवडील दोघंही नाहीत.

आरोग्य केंद्रातल्या समुपदेशक मुलीने मला समजावलं ते मी माझ्या भाषेत लिहितो. प्रत्येक जनुक आपल्याकडे जोडीने असतं, एक आईचं, एक वडिलांचं. एकाच शर्टाचे कापडावर ठेवून कापायचे दोन कागद समजा. दोन्ही जवळजवळ सारखे, पण एखाद्यावर काखेची गोलाई सुताभर वेगळी. अशा वेगळ्या रूपाला अ‍ॅलील म्हणतात. बहुतेक फरकांनी काही होत नाही. काहींनी साखरेचा, रक्तदाबाचा धोका थोडा वाढतो आणि उरलेलं आपलं खाणं, काम, राहणं ठरवतं. आमच्या घरातलं अ‍ॅलील यातलं नाही. ते जन्मभर गप्प बसतं. एका ठरावीक प्रसंगाचीच त्याला वाट असते आणि तो प्रसंग आलाच नाही तर माणूस नव्वद वर्षं जगून सुखाने जातो.

स्नायूच्या पेशीत कॅल्शियम साठवलेलं असतं. स्नायू आवळायचा असला की एक झडप उघडते, थोडं कॅल्शियम सुटतं, झडप मिटते. आमची झडप ढिली आहे. चालताना, जिना चढताना, मशीन मारताना काही जाणवत नाही. पण शस्त्रक्रियेच्या वेळी भुलीचे काही वायू दिले तर ती उघडते आणि मिटत नाही. अंगातले सगळे स्नायू एकदम ताठतात, ताप भराभर चढतो, रक्त बिघडतं, हृदय थांबतं. दर वेळी होतं असंही नाही. एखाद्याला दोनदा काही होत नाही, तिसऱ्यांदा होतं.

"यावर औषध काय?" मी विचारलं.

"औषध आहे काका, पण त्याच्याही आधीचं सोपं आहे. ते वायू द्यायचेच नाहीत. दुसऱ्या प्रकारची भूल असते. डॉक्टरला आधी माहीत पाहिजे, एवढंच."

मग तिने पडद्यावर आप्तनोंदीतलं आमच्या घराण्याचं झाड काढलं; त्यातल्या ज्याला धोका असेल त्याला यंत्र थेट निरोप पाठवतं. पुरुषांना चौकोन, बायकांना गोल. माझ्या चौकोनाशेजारी एक गोल होता आणि त्यात लिहिलं होतं: वृषाली गजानन खटावकर, वय ५५, शक्यता निम्मी. खाली विचारलं होतं: हयात, मृत, की नोंद चुकीची?

मला हसू आलं. यंत्र तीस वर्षं मागे राहिलंय असं वाटलं. ताईचं लग्न २०१२ साली झालं. दाजींनी, म्हणजे शंतनू बगाडे यांनी, ताटातल्या तांदळात अंगठीने 'शर्वरी' लिहिलं, ते मी शेजारी उभा राहून पाहिलं होतं. त्याच्या आधी मी त्यांचा कान पिळला होता, जरा जास्तच, ते 'आई गं' म्हणाले होते. कराडच्या त्यांच्या दारावर पाटी आहे: शंतनू व शर्वरी बगाडे. पत्रिकांवर तेच. घरात सासू तेच म्हणायची.

मी 'नोंद चुकीची' दाबलं. कारण: लग्नानंतर नाव बदलले. नवे नाव: शर्वरी शंतनू बगाडे.

यंत्राने विचारलं, या नावाची व्यक्ती सापडत नाही, तरी पुढे जायचे का?

"सापडेल की नंतर," मी मुलीला म्हणालो. "कराडची नोंदणी आहे, वेळ लागत असेल."

"नक्की ना काका? सख्ख्या नातेवाइकाने सांगितलं की यंत्र मग ते नाव सोडून देतं."

"माझ्या बहिणीचं नाव मला माहीत नसणार का?"

मी 'हो' दाबलं.

७. त्या व्यक्तीला धोक्याची माहिती तोंडी दिली होती का (हो / नाही):
या रकान्यात एकच शब्द बसतो. तो 'नाही' आहे. पण पुढचंही लिहू द्या.

आप्तनोंद आल्यापासून आम्ही अशा बातम्या एकमेकांना सांगायचं सोडून दिलं. पूर्वी कुणाला काही निघालं की कुणीतरी गाडी काढून जायचं, चहा व्हायचा, मग हळूच विषय निघायचा. आता ज्याला त्याला निरोप थेट जातो आणि ज्याने त्याने तो मनात ठेवायचा हे सभ्यपणाचं मानतात. मलाही ते बरंच वाटलं. तुझ्या रक्तात असं काही असेल, हे मोठ्या बहिणीला सांगायचं म्हणजे तोंड कसं उघडायचं?

त्या वर्षी भाऊबीजेला मी कराडला गेलो. ताईने ओवाळलं, मग माझ्या चष्म्याकडे बघत राहिली.

"हा कुठून आणलास? शाळेतल्या पऱ्ह्याड गुरुजींसारखा दिसतोस."

"दोन भिंगांचा आहे. सुई दिसते याने."

"आणि बायको?"

"ती आधीपासूनच दिसते."

दाजी हसले. मुक्ता, माझी भाची, मोबाईलवर काहीतरी करत होती, तीही हसली. ताई करंज्या आणायला आत गेली, तसा मी मागोमाग गेलो. धीर करून विचारलं, "तुला मेसेज आला का गं? मशीनचा?"

"येतात रे रोज दहा. साड्या, कर्ज घ्या, पुण्यात फ्लॅट घ्या. वाचतंय कोण?" तिने डबा उघडला. "का? तू नवीन मशीन घेतोयस?"

"नाही. बघ म्हटलं, आला असेल."

"बघीन."

मी मनात म्हटलं, आलाय, आणि हिला बोलायचं नाही. ती तशीच होती. गुडघा दुखायचा तेव्हा वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. मी करंजी घेतली आणि बाहेर आलो. आता वाटतं, तिथेच उभं राहून आणखी एक वाक्य बोललो असतो तर. एकच. तिने विचारलं होतं, 'का?' त्याचं उत्तर मी दिलं नाही.

८. कुटुंबातील पूर्वीच्या घटना (माहीत असल्यास):
आमचे वडील गजानन खटावकर १९९८ मध्ये हर्नियाच्या शस्त्रक्रियेत गेले. मी आठ वर्षांचा होतो, ताई बारा. मला आठवतंय ते एवढंच की चुलते म्हणाले, अंग चटका बसेल इतकं तापलं होतं, मेल्यावरसुद्धा. दुसऱ्या दिवशी आमच्या आळीतले चाळीस-पन्नास लोक दवाखान्यावर गेले. काचा फुटल्या. डॉक्टरांनी वर्षभरात गाव सोडलं. त्यांचं नाव आमच्या घरात पुढे शिवी म्हणून वापरलं जायचं. मी अभ्यास केला नाही की आई म्हणायची, त्या डॉक्टरसारखा होशील.

माझ्या रक्ताचा निकाल आला त्या दिवशी मला हे सगळं आठवायला हवं होतं. आठवलंही. पण पंचेचाळीस वर्षांचा राग एका कागदाने कसा बाजूला ठेवायचा ते कळेना, म्हणून मी कागदच बाजूला ठेवला.

९. नोंद चुकीने रद्द झाल्याचे कधी व कसे लक्षात आले:
ताईच्या पित्ताशयात खडे झाले होते. दुर्बिणीची शस्त्रक्रिया, दुसऱ्या दिवशी घरी. मुक्ताच्या जन्माच्या वेळी पाठीत इंजेक्शन देऊन भागलं होतं, म्हणजे वायूची भूल तिला आयुष्यात पहिल्यांदाच मिळणार होती. सकाळी साडेनऊला आत नेलं. अकराला दाजींचा फोन आला, पण 'आई गेली' हे मुक्ताने सांगितलं.

कृष्णेच्या काठावर अंत्यविधीला गर्दी पुष्कळ होती. ताई एका खाजगी शाळेत बावीस वर्षं मराठी शिकवायची. मी त्या शाळेत कधी गेलो नाही. एक बाई माझ्याजवळ आल्या.

"खटावकर बाईंचे भाऊ ना तुम्ही?"

मला वाटलं, माझं आडनाव खटावकर, म्हणून त्यांनी तिलाही तेच लावलं. दुःखात माणसं गोंधळतात. मी मान हलवली.

मग दहावीतली असेल अशी एक मुलगी दुसरीला म्हणाली, "खटावकर बाई कविता म्हणायच्या ना, ते मला आज ऐकू येतंय." तिसरी रडत होती. तीही म्हणाली, खटावकर बाई. तेव्हा पायाखालची वाळू मला एकदम थंड लागली.

बाराव्या दिवशी दाजींनी तक्रारीचा कागद पुढे ठेवला. भूलतज्ज्ञ डॉक्टर तन्वी सुर्वे यांचा परवाना रद्द व्हावा, असा. साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. पहिल्याच ओळीत होतं: मयत वृषाली गजानन खटावकर.

"दाजी, हे नाव?"

"कागदोपत्री हेच होतं. आधार, बँक, शाळा, सगळीकडे."

"पण तुम्ही तर शर्वरी..."

"ते घरात. लग्नानंतर मी फॉर्म आणला होता नाव बदलायचा. म्हणाली, घरात तुम्ही म्हणाल ते. कागदावर मधे बाबांचं नाव आहे, ते राहू दे." दाजींनी पेन माझ्यापुढे सरकवलं. "मी पण म्हटलं राहू दे. तुला ठाऊक नव्हतं?"

मला ठाऊक नव्हतं. यंत्राला ठाऊक होतं.

"सही कर," दाजी म्हणाले. "त्या पोरीने काहीही न तपासता भूल दिली. सोडायचं नाही तिला."

मी म्हणालो, चष्मा आणला नाही, उद्या करतो. चष्मा डोळ्यांवर होता. दाजींनी तो पाहिला आणि कागद घडी करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी त्या डॉक्टरांना भेटलो. वय तीस-बत्तीस. रजेवर पाठवलं होतं, घरीच होत्या. मी कोण ते कळल्यावर दार बंद करतील असं वाटलं होतं. त्यांनी आत घेतलं, आईला पाणी आणायला सांगितलं, आणि मी न मागता एक छापील कागद दाखवला. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी काढलेला. आप्तनोंद: मूळ नोंद कुटुंबीयांच्या सांगण्यावरून रद्द. सूचना नाही.

"मी त्यांना तोंडीही विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "घरात कुणाला भूल देताना त्रास झाला होता का? त्या म्हणाल्या, वडील गेले, पण ती डॉक्टरची चूक होती. मी तसंच लिहून घेतलं. बघा."

लिहिलं होतं: वडील, शस्त्रक्रियेत मृत्यू. कारण, डॉक्टरांचा हलगर्जीपणा, रुग्णाच्या सांगण्यानुसार.

"मी तिथे थांबायला हवं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "आणखी चार प्रश्न विचारायला हवे होते. पण नोंद स्वच्छ होती, आणि आम्हाला आता नोंदीचीच सवय झालीय. ताप चढायला लागला तेव्हा ओळखलं मी. औषध साताऱ्याहून यायला पन्नास मिनिटं लागली."

"ओळखलंत तर तसं सांगितलं का नाही कुणाला?"

"सांगितलं. माझ्या टिपणात आहे. रुग्णालय म्हणतं, स्वतःला वाचवायला लिहिलंय. नोंदीत तर काही नाही."

पाणी आलं. मी प्यायलो. ती नोंद कुणी रद्द केली ते तिथे मला सांगता आलं नाही. पेला खाली ठेवून निघून आलो.

१०. झालेली हानी:
माझी बहीण. डॉक्टर तन्वी सुर्वे यांचं काम, अजून गेलेलं नसेल तर. १९९८ सालचे एक डॉक्टर, त्यांचा पत्ता मला माहीत नाही.

११. या अर्जाची प्रत सर्व आप्तांना जाईल. अर्जदाराची संमती:
या रकान्यावर मी तीन दिवस घालवले. संमती द्यायला एक खूण पुरते.

माझी बायको वैजयंती हिने अर्ज वाचला. म्हणाली, "एवढं सगळं कशाला? मुक्ताला फोन कर, म्हणावं एकदा रक्त तपासून घे. तिला कळल्याशी काम."

"आणि त्या डॉक्टर?"

"त्यांचं त्या बघतील. शिकलेल्या आहेत."

"बाबांचे डॉक्टर पण शिकलेले होते."

ती बराच वेळ काज करत राहिली. तिच्या हातात एका लहान मुलाचा शर्ट होता, पाचवीच्या मापाचा. मग म्हणाली, "दाजी तुम्हाला दारात उभं करणार नाहीत. मुक्ता तर तुमच्या अंगाखांद्यावर वाढली. ती काय म्हणेल, त्याचा विचार केलात?"

केला होता. मुक्ताला नुसतं तपासायला सांगणं सोपं होतं. ती तपासेल, तिचा जीव वाचेल, मामा म्हणून मी चांगलाच राहीन. पण माझ्या 'हो'मुळे झाडावरचा ताईचा गोलच गेला, आणि त्याच्याखालची मुक्ताही गेली. तो गोल परत आणायचा तर तो कुणी काढला हे लिहावंच लागतं. यंत्र त्याशिवाय पुढे जात नाही. आणि तो परत आला की त्या डॉक्टरांच्या टिपणालाही आधार मिळतो.

"तक्रारीवर सही करणार नाही एवढंच सांगा ना दाजींना," वैजयंती म्हणाली. "कारण कशाला?"

"कारण विचारतील."

"तेव्हा बघू."

भाऊबीजेला मीही मनात हेच म्हटलं होतं, तेव्हा बघू. तिला ते ठाऊक नव्हतं, म्हणून मी तिच्यावर चिडलो नाही. तिने काजाचा धागा दातांनी तोडला आणि शर्ट घडी करून ठेवला. "करा तुम्हाला करायचंय ते," म्हणाली. आवाजात राग नव्हता. रडत होती.

संमती आहे.

१२. वरील माहिती सत्य असून कोणाच्याही दबावाशिवाय दिली आहे:
हो.

पुरवणी (अर्ज सादर केल्यानंतर तीन दिवसांत जोडता येईल):

अर्ज काल सकाळी दहाला पाठवला. सव्वादहाला उत्तर आलं: नोंद पूर्ववत सुरू. मी मशीनवर बसलो होतो. प्रत सगळ्यांना पोचायला संध्याकाळ होईल असं खाली लिहिलं होतं. मी ठरवलं, दुपारच्या गाडीने कराडला जायचं, प्रतीच्या आधी आपण पोचायचं. पिशवी भरली.

एक गोष्ट मला कळली नव्हती. नोंद पूर्ववत झाली की तिच्या नावाने अडकून पडलेले निरोप यंत्र सगळ्यात आधी पाठवतं. मृत्यूचा दाखला त्या नोंदीला जोडायला त्याला एक दिवस लागतो. तो एक दिवस यंत्राच्या लेखी ताई जिवंत होती, वय सत्तावन्न, शक्यता निम्मी.

साडेदहाला मुक्ताचा फोन आला.

"मामा, आईचा फोन माझ्याकडे आहे ना, त्याच्यावर मेसेज आलाय. आप्तनोंदचा. तिच्या नावाने."

मी उभा राहिलो.

"काय लिहिलंय ते मला नीट कळत नाहीये. तुला कळतं ना त्यातलं? वाचू?"

नको म्हणता आलं असतं. मी येतोय, मग वाचू, असंही म्हणता आलं असतं.

"वाच," मी म्हणालो.

ती शाळेत धडा वाचावा तशी वाचायला लागली. तिच्या आईने शिकवलं होतं तसं, प्रत्येक स्वल्पविरामाला थांबत. "वृषाली गजानन खटावकर, आपल्या कुटुंबात भुलीच्या काही वायूंमुळे जिवाला धोका निर्माण करणारे जनुकीय रूप आढळले आहे. आपल्यात ते असण्याची शक्यता निम्मी आहे. कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी हा संदेश डॉक्टरांना दाखवावा. तो दाखवल्यास धोका टाळता येतो." इथे ती थांबली. पूर्णविरामाला थांबतात त्याहून जास्त. मग पुढे वाचलं. "हा संदेश दीड वर्षापूर्वी पाठवायचा होता. आपल्या भावाने दिलेल्या माहितीवरून तो थांबवण्यात आला होता. विलंबाबद्दल दिलगीर आहोत."

तिकडे दाजींचा आवाज आला, कोण आहे गं?

"मामा," ती म्हणाली, "भावाने म्हणजे?"

माझ्या हातात पिशवी होती, ती मी खाली ठेवली.

"तिला मी एकटाच भाऊ," मी म्हणालो.